सरकारने सांगितलेलं युद्धाचं कारण उसवून कसं पाहावं

एखादं सरकार दुसऱ्या देशात सैन्य घुसवतं तेव्हा लोकांपुढे बहुधा एकच वाक्य येतं: त्यांच्यापासून धोका आहे, म्हणून जावं लागतंय. हे वाक्य दिसतं एकसंध, पण त्यात पाच वेगवेगळी विधानं शिवलेली असतात. अमुक गोष्ट खरोखर घडली आहे किंवा अस्तित्वात आहे. ती आपल्याला घातक आहे. तिच्यावर बळ वापरायला कायद्याची मुभा आहे. बळाशिवाय दुसरा मार्ग उरलेला नाही. आणि थांबायला वेळ नाही. हे पाचही टाके पक्के असतील तरच कारण टिकतं. एक सुटला तरी कापड फाटतं.

प्रत्यक्षात चर्चा मात्र सहाव्याच प्रश्नावर रंगते, तो म्हणजे समोरचा राज्यकर्ता दुष्ट आहे की नाही. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन क्रूर होता याबद्दल २००३ मध्ये कुणालाच शंका नव्हती. पण त्याची क्रूरता मान्य केली म्हणून वरच्या पाचांपैकी एकही विधान आपोआप सिद्ध होत नाही. चर्चा तिथे अडकली की उरलेले टाके कुणी पाहत नाही.

या लेखात मुख्यतः इराकचंच उदाहरण घेतलं आहे: सद्दामकडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत असं सांगून अमेरिका आणि ब्रिटनने २००३ मध्ये केलेलं युद्ध. त्या युद्धाचे गोपनीय अहवाल, कायदेशीर सल्ले आणि चौकश्यांचे निष्कर्ष जितके बाहेर आले, तितके फार थोड्या युद्धांचे आले आहेत. शिवाय त्यातली बरीचशी भोकं २० मार्च २००३ च्या आधीच, म्हणजे हल्ला सुरू होण्यापूर्वी, उघड्या कागदांत दिसत होती. ती कशी दिसत होती हे समजलं की पुढच्या वेळी कुठे पाहायचं ते कळतं.

कायद्याचा टाका

सुरुवात कायद्यापासून करावी, कारण त्यासाठी कुठलीही गुप्त माहिती लागत नाही. सगळे मजकूर जाहीर असतात.

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद १९४५ सालची. तिचं कलम २(४) सांगतं की कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरू नये, वापरण्याची धमकीही देऊ नये. या बंदीला सनदेत दोनच अपवाद आहेत: सुरक्षा परिषदेने परवानगी देणं, किंवा कलम ५१ खालचं स्वसंरक्षण. कलम ५१ मध्येही अटी आहेत. सशस्त्र हल्ला झालेला असावा, केलेल्या कारवाईची माहिती ताबडतोब सुरक्षा परिषदेला कळवावी, आणि परिषद स्वतः पावलं उचलेपर्यंतच हा हक्क चालतो. यात आणखी दोन कसोट्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वारंवार लावल्या आहेत. बळाची खरोखर गरज होती का, आणि ते गरजेपुरतंच वापरलं का?

हल्ला अजून झालेला नाही, पण होणार आहे, असं सरकार म्हणालं तर? यासाठी आजही १८३७ च्या एका प्रकरणाचा दाखला देतात. कॅनडातल्या बंडखोरांना रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही अमेरिकी बोट ब्रिटिशांनी रात्री पकडली, पेटवली आणि नायगाऱ्याच्या प्रवाहात सोडून दिली. त्यावरच्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिअल वेब्स्टर यांनी निकष मांडला: स्वसंरक्षणाची गरज तत्काळ आणि जबरदस्त असली पाहिजे, दुसरं साधन निवडायला वाव आणि विचार करायला क्षणही नसला पाहिजे. म्हणजे हात उगारलेला असताना तो धरायला हरकत नाही. पण हा माणूस पुढेमागे कधीतरी मारेल म्हणून आज त्याच्या घरात शिरणं, ही वेगळी गोष्ट झाली. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी नेमक्या याच दुसऱ्या तर्काने उडवली. सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ करून त्या हल्ल्याचा निषेध केला, आणि तो ठराव एकमताने, अमेरिकेच्याही मताने झाला. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या सुरक्षा धोरणात मात्र ही रेघ पुसट करून भविष्यातल्या संभाव्य धोक्यापर्यंत स्वसंरक्षण ताणलं गेलं.

इराकच्या वेळी ब्रिटनने स्वसंरक्षणाचा दावा केलाच नाही, त्याचा भर ठरावांवर होता. म्हणून ठराव वाचायची रीत समजून घ्यायला हवी. नोव्हेंबर १९९० च्या ठराव ६७८ ने, इराकने गिळलेला कुवेत सोडवण्यासाठी, ‘सर्व आवश्यक उपाय’ वापरायला परवानगी दिली. सुरक्षा परिषदेच्या भाषेत युद्धाला परवानगी देणारे शब्द हेच. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने युद्धविराम आणि शस्त्रं नष्ट करण्याच्या अटी घातल्या. ८ नोव्हेंबर २००२ चा ठराव १४४१ पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. त्यात इराकने अटी मोडल्याचं म्हटलं, ‘अखेरची संधी’ दिली आणि ‘गंभीर परिणामांचा’ इशारा दिला. पण परवानगीचे ते ठरावीक शब्द त्यात नव्हते. मतदानाच्या दिवशी अमेरिकेच्या राजदूतांनीच परिषदेत सांगितलं की या ठरावात छुपी कळ नाही, बळाचा वापर आपोआप सुरू होत नाही. पुढे २४ फेब्रुवारी २००३ ला अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनने दुसऱ्या ठरावाचा मसुदा आणला. पुरेशी मतं मिळत नाहीत हे दिसल्यावर १७ मार्चला तो सोडून दिला, आणि मग १९९० ची परवानगी अजून जिवंत आहे असं सांगण्यात आलं. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशाच्या सुटकेसाठी दिलेली परवानगी.

ठराव वाचताना म्हणून क्रियापद शोधायचं. परिषद ‘अधिकार देते’ आहे, की ‘निषेध करते’, ‘स्मरण करून देते’, ‘इशारा देते’ आहे? आणि परवानगी असेल तर ती कुणाला, कशासाठी?

वस्तुस्थितीचा टाका

इथे सामान्य वाचक हात टेकतो. गुप्त माहिती सरकारकडे, आपल्याकडे काय? पण गुप्त माहितीलाही रचना असते, आणि ती कुठे कच्ची असते हे ठरलेलं आहे.

पहिला प्रश्न: हे पाहिलेलं आहे, ऐकलेलं आहे, की अंदाजलेलं आहे? ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली. ती छायाचित्रं नव्हती, वर्णनावरून काढलेली रेखाटनं होती. ते वर्णन मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ हे सांकेतिक नाव दिलेल्या एका इराकी निर्वासिताचं होतं. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता, आणि युद्धापूर्वी अमेरिकी गुप्तचर संस्थेने त्याची स्वतः उलटतपासणी केलेली नव्हती. पॉवेल यांनी या दाव्यासाठी चार साक्षीदारांचा उल्लेख केला. त्यांपैकी आणखी एकाच्या नावापुढे, तो बनावट माहिती देतो असा शेरा अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर विभागाने मे २००२ मध्ये मारून ठेवला होता. २०११ मध्ये कर्व्हबॉलने आपण खोटं बोललो हे जाहीरपणे कबूल केलं.

दुसरा प्रश्न म्हणूनच असा: साक्षीदार किती, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? पाच अहवालांत एकच बातमी असेल, पण पाचही एकाच माणसाकडून निघालेले असतील, तर पुरावा एकच. हा फेरा वर्तमानपत्रांतूनही फिरतो. ८ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर, अनाम अधिकाऱ्यांच्या हवाल्याने, इराक अणुबॉम्बसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवतोय अशी बातमी छापली. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्याच बातमीचा दाखला दिला. माहिती सरकारी गोटातून निघाली, वर्तमानपत्रात शिरली आणि स्वतंत्र साक्षीदाराच्या रूपात सरकारकडे परत आली. मे २००४ मध्ये त्या वर्तमानपत्राने आपल्या अशा काही बातम्यांची तपासणी कमी पडली हे वाचकांना सांगितलं.

त्या नळ्यांचं प्रकरण मुळातून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे मोजमापांनीच उत्तर दिलं. नळ्यांचा बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, मिश्रधातू उच्च ताकदीचा. सरकारचं म्हणणं होतं की त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागात सेंट्रिफ्यूज प्रत्यक्ष बांधलेले तज्ज्ञ होते. ते म्हणत होते की या कामासाठी नळी फार अरुंद आहे, भिंत फार जाड आहे, आणि वर दिलेला लेप तर आधी खरवडून काढावा लागेल. उलट इराक पूर्वीपासून ८१ मिलिमीटरचं एक तोफखान्याचं रॉकेट बनवत होता, आणि त्याच्या मापाशी या नळ्या जुळत होत्या. पॉवेल यांनी आपल्या भाषणात तज्ज्ञांत मतभेद आहेत हे मान्य केलं होतं, तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी परिषदेला सांगितलं की या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी होत्या असं दाखवणारं काही आढळलेलं नाही. युद्धाला अजून तेरा दिवस होते.

त्याच दिवशी त्यांनी नायजर या आफ्रिकी देशातल्या युरेनियमचा विषयही संपवला. अध्यक्ष बुश यांनी २८ जानेवारीच्या भाषणात, सद्दामने आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला समजलं आहे, असं म्हटलं होतं. या आरोपाशी जोडलेली कागदपत्रं संस्थेच्या हाती फेब्रुवारीत आली आणि ती बनावट निघाली. २००० सालच्या एका पत्रावर, दहा वर्षांपूर्वीच पद सोडलेल्या नायजरच्या परराष्ट्रमंत्र्याचं नाव होतं. हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही, मंत्रिमंडळाची जुनी यादी पुरते.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी आहे, कारण तिच्यातले आकडे खरे असतात. ‘हिशेब लागत नाही’ याचा अर्थ ‘साठा आहे’ असा काढला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांना इराकी हवाई दलाचा एक दस्तऐवज मिळाला होता. त्यानुसार १९८३ ते १९८८ दरम्यान, इराणशी चाललेल्या युद्धात, १३,००० रासायनिक बॉम्ब टाकले गेले. इराकने मात्र १९,५०० वापरल्याचं कळवलं होतं. फरक ६,५०० बॉम्बचा, म्हणजे सुमारे १,००० टन रसायनाचा. ही तफावत गंभीर होती आणि मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांनी जानेवारी २००३ मध्ये ती स्वतःच परिषदेपुढे ठेवली. पण वहीतला फरक म्हणजे गोदामातला माल नव्हे. बॉम्ब मोजले गेले नसतील, नोंदी हरवल्या असतील, माल कागद न करता नष्ट केला असेल. ब्लिक्स यांनी फेब्रुवारीत स्पष्ट बजावलं की हिशेब लागत नाही म्हणून वस्तू अस्तित्वात आहे असा निष्कर्ष काढू नये, आणि ती शक्यता फेटाळूही नये. शिवाय इराकने बनवलेलं सरीन हे विषारी रसायन अशुद्ध होतं आणि फार टिकत नसे. त्यामुळे १९८८ च्या साठ्याचा धोका २००३ मध्ये सांगताना तो अजून कामाचा आहे का, हे विचारणं भाग होतं. युद्धानंतर अमेरिकेच्याच इराक सर्वेक्षण गटाने दीड वर्ष शोध घेतला. त्याच्या २००४ च्या अहवालाचा निष्कर्ष: रासायनिक शस्त्रांचे साठे १९९१ मध्येच नष्ट झाले होते.

चौथी जागा म्हणजे कागद वर चढताना गळणारे शब्द. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थांचा एकत्रित गोपनीय अहवाल काही आठवड्यांत तयार झाला. त्यात ‘आमच्या मते’, ‘आमचा अंदाज आहे’ असे शब्द होते, आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर शाखेचं वेगळं मतही होतं. लोकांसाठी काढलेल्या आवृत्तीतून ते अंदाजाचे शब्द गेले आणि शाखेचं नाव घेऊन मांडलेलं वेगळं मतही गेलं. हा ‘ध’चा ‘मा’ कुणी एकाने रात्री बसून केला असं नसतं. संक्षेप करणारा प्रत्येक माणूस एकेक ‘कदाचित’ काढतो आणि शेवटी अंदाजाचं विधान होतं. ब्रिटनच्या २४ सप्टेंबर २००२ च्या पुस्तिकेत, इराकला काही शस्त्रं ४५ मिनिटांत वापरता येतील असं छापलं होतं. मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या तोफगोळ्यांसारख्या जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रांबद्दल होती. पुस्तिकेत ते सांगितलंच नाही, आणि वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ क्षेपणास्त्रं असा घेतला. मूळ वाक्यातला कर्ता आणि पल्ला दोन्ही गळले की उरतो तो फक्त आकडा.

आणि शेवटी, तेच लोक आधी काय म्हणत होते? फेब्रुवारी २००१ मध्ये कैरोत पॉवेल यांनीच म्हटलं होतं की सद्दामने सामूहिक संहाराच्या शस्त्रांची कोणतीही लक्षणीय क्षमता उभी केलेली नाही. दोन वर्षांत मत बदलू शकतं. पण मग या दोन वर्षांत नवीन काय हाती लागलं, हा सरळ प्रश्न उरतो.

धोका नेमका कुणाकडून

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी अरेबियाचे होते. इराकचा एकही नव्हता. तरी इराक आणि अल कायदा यांचा संबंध जोडला गेला, आणि त्यातला महत्त्वाचा दुवा होता इब्न अल शेख अल लिबी या कैद्याचं निवेदन. इराकने अल कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं, असं त्याने सांगितलं होतं. अमेरिकेच्या लष्करी गुप्तचर विभागाने फेब्रुवारी २००२ मध्येच, हा माणूस जाणूनबुजून दिशाभूल करत असावा, असा शेरा दिला होता. नंतर त्याने आपलं निवेदन मागे घेतलं, छळाच्या भीतीने ते दिल्याचं सांगितलं. कोठडीत मिळालेल्या माहितीची अडचण हीच आहे की प्रश्न विचारणाऱ्याला जे हवं असतं ते तिथे बोललं जातं. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाला २००४ मध्ये इराक आणि अल कायदा यांच्यात हल्ल्यांसाठी सहकार्य झाल्याचा पुरावा मिळाला नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि मधला संबंध बादरायण होता.

दुसरा मार्ग आणि घड्याळ

बाकी सगळं मान्य केलं तरी इथे इराकचं कारण उभं राहत नव्हतं. निरीक्षक २७ नोव्हेंबर २००२ पासून इराकमध्ये काम करत होते. युद्धाआधी त्यांनी सुमारे ४०० ठिकाणी ७०० हून अधिक तपासण्या केल्या. अल समूद-२ या क्षेपणास्त्रांचा पल्ला ठरवून दिलेल्या १५० किलोमीटरच्या पलीकडे जातो असं त्यांना आढळलं, आणि मार्चच्या सुरुवातीपासून ती त्यांच्या देखरेखीखाली मोडायला सुरुवात झाली होती. म्हणजे जे चुकीचं होतं ते सापडत होतं आणि नष्टही होत होतं. उरलेल्या कामाला किती वेळ लागेल यावर ब्लिक्स यांचं ७ मार्चचं उत्तर होतं: वर्षं नव्हेत, आठवडेही नव्हेत, महिने.

मग वेळ नाही असं कशावरून म्हणत होते? ‘आत्ताच’ हा शब्द ऐकला की घाई कुणाच्या वेळापत्रकातून आली ते शोधावं. शत्रूच्या तयारीतून आली असेल तर गोष्ट वेगळी. इराकच्या बाबतीत ती आखाती प्रदेशात आधीच पोचलेल्या सैन्यातून येत होती. एवढी फौज महिनोन्‌महिने वाळवंटात बसवून ठेवता येत नाही, उन्हाळा जवळ येतो, आणि मग तैनातीच युद्धाचं कारण होऊन बसते. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने जुलै २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की शांततेचे पर्याय संपलेले नव्हते आणि त्या वेळी लष्करी कारवाई हा अखेरचा उपाय नव्हता.

घाईत माहिती कशी बिघडते याचा जुना नमुना टोंकिनच्या आखाताचा. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला, हे खरं. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं जाहीर झालं, तो झालाच नव्हता. जागेवरच्या कप्तानाने काही तासांतच, खराब हवामान आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या अतिउत्साही सोनारवाल्यांमुळे गैरसमज झाला असावा, नीट तपासा, असं कळवलं होतं. तरी ७ ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली: प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

योजना कारणाशी जुळते का

ही कसोटी फार कमी वापरली जाते. शब्द खोटे असू शकतात, पण सैन्य कुठे जातं ते लपत नाही. कारण खरं असेल तर आखणी त्याच कारणाभोवती व्हायला हवी.

इराकमध्ये भीती अण्वस्त्रांची होती, तर पहिलं काम होतं अणुसाहित्य ताब्यात घेणं. बगदादजवळच्या तुवैथा केंद्रात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मोहोरबंद केलेलं युरेनियम होतं आणि जागा जगाला माहीत होती. एप्रिल २००३ मध्ये तिथे पुरेसा पहाराच नव्हता. लोकांनी केंद्र लुटलं, पिंपं रिकामी करून पाणी साठवायला घरी नेली.

हीच कसोटी २०२२ च्या युक्रेनला लावून पाहा. रशियाचं सांगितलेलं कारण होतं पूर्व युक्रेनच्या डोनबास भागातल्या लोकांचा वंशसंहार थांबवणं. २१ फेब्रुवारीला त्याने तिथल्या दोन फुटीर प्रदेशांना देश म्हणून मान्यता दिली आणि २४ तारखेला त्यांच्या संरक्षणाच्या नावाने कलम ५१ चा आधार घेत हल्ला केला. पण पहिल्याच दिवशी हवाई सैनिक उतरले ते कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर, आणि रणगाडे बेलारूसमधून राजधानीकडे निघाले. डोनेत्स्कपासून कीव्ह सुमारे ६०० किलोमीटर आहे. सप्टेंबरमध्ये खेरसोन आणि झापोरिझ्झियासुद्धा रशियाला जोडल्याचं जाहीर झालं, ज्यांचा मूळ कारणाशी संबंध नव्हता. वस्तुस्थितीचा टाकाही कच्चा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार निरीक्षकांनुसार डोनबासच्या संघर्षातले बहुतेक नागरिकांचे मृत्यू २०१४ आणि २०१५ मधले. २०२१ मध्ये, संघर्षरेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून आणि भूसुरुंग धरून, २५ मृत्यू झाले. प्रत्येक मृत्यू भयंकरच, पण वंशसंहार म्हणजे एखादा समूह नष्ट करण्याचा हेतू, आणि तो या आकड्यांतून निघत नाही. १६ मार्च २०२२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि वंशसंहाराच्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा आपल्यापुढे नाही असं नोंदवलं. एक साधी तपासणी तर कुणालाही करता येण्याजोगी होती. डोनेत्स्कच्या फुटीर नेत्याने तातडीच्या स्थलांतराची चित्रफीत १८ फेब्रुवारीला प्रसिद्ध केली. फाइलवरची तारीख १६ होती.

‘त्यांच्याच सरकारने बोलावलं’ हे कारण वेगळ्या पद्धतीने तपासायचं: निमंत्रण कुणी दिलं, कधी दिलं, आणि तो माणूस आता कुठे आहे? डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाण सरकारच्या विनंतीवरून गेलं असं सांगण्यात आलं. त्या सरकारचा प्रमुख हाफिजुल्ला अमीन याला २७ डिसेंबरला सोव्हिएत तुकड्यांनीच त्याच्या राजवाड्यात ठार केलं.

प्रश्न विचारणाऱ्यांच्याही चुका होतात

त्यातली नेहमीची म्हणजे हेतूवर बोट ठेवून थांबणं. “हे सगळं तेलासाठी” असं म्हटलं की वाद संपल्यासारखा वाटतो. पण हेतू सिद्ध करता येत नाही, आणि लोभी सरकारने सांगितलेला धोका खराही असू शकतो. दाव्यातलं वाक्य धरावं, मनातलं नव्हे.

एक पुरावा खोटा निघाला म्हणून सगळं कारण फेकून देणंही चूकच. ऑक्टोबर १९९० मध्ये एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकी काँग्रेस सदस्यांपुढे सांगितलं की इराकी सैनिकांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती हे तेव्हा लपवलं गेलं आणि ती कहाणी पुढे टिकली नाही. पण २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळला होता, ते साऱ्या जगाने पाहिलं होतं, आणि सुरक्षा परिषदेची परवानगी त्या घटनेवर उभी होती. तो टाका या कहाणीशिवायही पक्का होता.

आणि समोरच्या देशाचा नकार म्हणजे पुरावा नव्हे. इराकने १९९५ पर्यंत आपला जैविक शस्त्रांचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर लपवला होता, तेव्हा त्याच्यावर संशय घेणं वाजवीच होतं. आपल्याकडे शस्त्रं नाहीत हे इराणला कळू नये म्हणूनही सद्दाम संदिग्ध वागत राहिला, असं नंतरच्या चौकशीत निघालं. म्हणून तर दोन्ही सरकारांऐवजी जागेवर जाऊन पाहणाऱ्या तिसऱ्या पक्षाचा शब्द जास्त वजनाचा धरायचा.

हातात काय घ्यावं

भाषणाची बातमी न वाचता पूर्ण लिखित मजकूर घ्यावा. प्रत्येक वाक्यापुढे लिहावं: पाहिलं, ऐकलं, अंदाज, भीती. पॉवेल यांच्या भाषणाचं असं केलं तर आधी ठाम वाटणारे कितीतरी परिच्छेद तिसऱ्या-चौथ्या रकान्यात जातात. पहिल्या दिवशी सांगितलेलं कारण तारखेसह लिहून ठेवावं, कारण ते बदलतं. इराकमध्ये शस्त्रं सापडेनात तेव्हा लोकशाही हे मुख्य कारण झालं, आणि १९८८ मध्ये सद्दामच्या सैन्याने इराकमधल्या हलब्जात विषारी वायूने मारलेल्या हजारो कुर्दांची आठवण पुढे आली. ते हत्याकांड खरं होतं. पण त्या वर्षी अमेरिका इराकला मदत करत होती, आणि १५ वर्षांपूर्वीचा गुन्हा मार्च २००३ मध्येच सैन्य का पाठवायचं याचं उत्तर देत नाही. स्वसंरक्षणाचा दावा असेल तर सुरक्षा परिषदेला पाठवलेलं कलम ५१ खालचं पत्र मिळवावं. ही पत्रं सार्वजनिक असतात, आणि टीव्हीवर सांगितलेलं कारण व पत्रातलं कारण एकच आहे का हे तिथे कळतं.

लोकप्रतिनिधीकडे मागायची गोष्ट एकच, पण नेमकी: कायदेशीर सल्ला पूर्ण दाखवा, त्याचा सारांश नको. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ ला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना १३ पानांचा सल्ला दिला. जुन्या ठरावाच्या आधारे बाजू मांडता येईल, पण दुसरा ठराव मिळवणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, आणि न्यायालयात गेल्यास ही बाजू टिकेलच असं नाही, असा त्याचा सूर होता. दहा दिवसांनी, १७ मार्चला, संसदेत आलं ते लहानसं लेखी उत्तर, आणि त्यात यातली एकही शंका नव्हती. परराष्ट्र खात्याच्या उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी या युद्धाला कायद्याचा आधार नाही म्हणून राजीनामा दिला. १८ मार्चला हाउस ऑफ कॉमन्सने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. ती १३ पानं सभासदांना आणि जनतेला वाचायला मिळाली २८ एप्रिल २००५ ला.